सातबाऱ्यावर मायचं नाव

मुलांनो, हा लेख पुढं वाचण्याआधी एक काम करा. कागद-पेन्सिल घ्या आणि एका शेतकऱ्याचं चित्र काढा. अगदी साधं, पाच मिनिटांत होईल असं.

काढलंत? आता तुमचं चित्र न बघता मी सांगते. डोक्याला पटका, मोठाल्या मिशा, अंगात बंडी, खाली धोतर आणि शेजारी बैलजोडी. बरोबर?

मी काही जादूगार नाही. आमच्या सातवीच्या वर्गाला मी हेच चित्र काढायला सांगितलं होतं आणि जवळजवळ सगळ्या वह्यांमध्ये हाच मिशीवाला उभा होता. (तो आता धोतर नेसत नाही, पँट घालून मोटारसायकलवर शेतात जातो, ही गोष्ट वेगळी!) एका मुलीच्या चित्रात मात्र बाई होती. डोक्यावर टोपलं घेऊन बांधावरून चाललेली. मी विचारलं, "ही शेतकरी का गं?"

ती म्हणाली, "नाही बाई, ही शेतकऱ्याची बायको. भाकर घेऊन चाललीय."

आमची शाळा परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात आहे. हा गोदाकाठचा मुलूख. इथली माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी, पाणी असेल तिथं ऊस. वर्गातली बहुतेक मुलं शेतकऱ्यांची, नाहीतर शेतमजुरांची. म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला, "कुणाकुणाचे वडील शेती करतात?" भराभर हात वर झाले. "आणि कुणाकुणाची आई शेती करते?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. दोन-चार हात अर्धवट वर आले. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "आई शेती नाही करत बाई. ती नुसती शेतात जाते!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं.

एका रविवारचा अभ्यास

मी मुलांना रविवारसाठी एक वेगळा अभ्यास दिला. दिवसभर आईच्या मागं राहायचं आणि ती काय काय करते ते वेळेसकट लिहायचं. कापूस वेचणीचे दिवस होते. सोमवारी वह्या आल्या. एका वहीत असं लिहिलं होतं : 'साडेचार – उठली. गोठ्यातलं शेण काढलं. सडा टाकला. पाणी भरलं. भाकरी केल्या. नऊ – शेतात गेली. कापूस वेचला. दुपारी बांधावर भाकर खाल्ली. परत कापूस. सहा – चाऱ्याचा भारा घेऊन घरी. स्वयंपाक. भांडी. मी झोपलो तेव्हा ती जागीच होती. पुढचं माहीत नाही.'

ती वही मी वर्गात वाचून दाखवली. या वेळी कुणी हसलं नाही.

मग आम्ही फळ्यावर वर्षभराच्या कामांची यादी केली. नांगरट, वखरणी, फवारणी ही कामं बहुतेक घरांत पुरुषांची निघाली. सरकी टोबणं, खत टाकणं, खुरपणी, कापूस वेचणी, ज्वारीची कणसं खुडणं, बियाणं निवडून ठेवणं, जनावरांचं शेणपाणी ही आईची निघाली. सोयाबीन काढायला दोघंही. फळ्याची आईची बाजू भरून गेली आणि खडू दुसऱ्या बाजूला घुसायला लागला!

तो मागच्या बाकावरचा उठून म्हणाला, "बाई, आई शेती करते." मी म्हटलं, "बस खाली. तुला शंभरपैकी शंभर."

पण अभ्यास इथं संपला नव्हता.

सातबारा म्हणजे काय?

'सातबारा' हा शब्द तुम्ही घरात ऐकला असेल. सोसायटीचं कर्ज काढायचं, पीक विमा भरायचा, जमिनीचं काही काम निघालं की मोठी माणसं म्हणतात, "सातबारा काढून आण." गावच्या जमिनीच्या नोंदी तलाठ्याकडं वेगवेगळ्या नमुन्यांत ठेवलेल्या असतात. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी अजून तलाठीच आहे.) गाव नमुना सात यात जमीन कुणाची, किती, तिच्यावर कुणाचं कर्ज आहे हे लिहिलेलं असतं. गाव नमुना बारा यात त्या जमिनीत कोणतं पीक घेतलं ते असतं. सात आणि बारा मिळून झाला सातबारा. पूर्वी तो हातानं लिहिलेला असे आणि अक्षर लागता लागता घाम फुटे. आता तो संगणकावर मिळतो. २०२१ पासून तर पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून करायची सोय झाली आहे. तिला ई-पीक पाहणी म्हणतात. आमच्या तालुक्यात हे काम पुष्कळ घरांत तुमच्यासारखी मुलंच करून देतात.

तर मी मुलांना सांगितलं, घरचा सातबारा वडिलांना विचारून बघा आणि त्यावर कुणाची नावं आहेत तेवढी लिहून आणा.

दुसऱ्या दिवशी नावं आली. वडिलांचं, आजोबांचं, काकांचं, कुठं पणजोबांचंसुद्धा! आईचं नाव एकाच वहीत होतं. तो मुलगा हळूच म्हणाला, "बाई, बाबा वारल्यावर लागलं ते."

वर्ग शांत झाला. मलाही काय बोलावं सुचेना. बाईचं नाव कागदावर यायला घरधनी जावा लागतो की काय?

एका मुलानं वही कोरीच आणली होती. "बाई, आमच्याकडं सातबाराच नाही. आम्ही ऊस तोडायला जातो." दिवाळीच्या आसपास त्याचे आईवडील कारखान्यावर जातात. ऊसतोडीच्या कामात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. उचल त्या कोयत्याची, आणि ती बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात पडते. म्हणजे माणसं दोन आणि मोजणी एकच! मी त्याला म्हटलं, "तुझी वही कोरी नाही. तुझ्या आईचंही नाव कुठंच नाही, एवढं तिच्यात लिहिलेलं आहे."

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीनं मला पकडलं. "बाई, तुमच्या आईचं नाव आहे का तुमच्या सातबाऱ्यावर?"

खरं सांगते मुलांनो, मला माहीत नव्हतं.

नानांचा बिल्ला

माझं माहेर इथून फार लांब नाही. साडेचार एकर कोरडवाहू जमीन. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नानांच्या पेटीत एक लाल, गोल बिल्ला आहे. लहानपणी मला वाटायचं की तो पोलिसांचा बिल्ला आहे. तो होता शेतकरी संघटनेचा.

ही संघटना कशी सुरू झाली ते सांगायलाच हवं, कारण ती गोष्टही एका कुटुंबाच्या शेतीपासूनच सुरू होते. शरद जोशी नावाचे गृहस्थ होते. साताऱ्याला १९३५ साली जन्मले. भारतीय टपाल सेवेत मोठे अधिकारी झाले. पुढं स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात जागतिक टपाल संघटनेत त्यांना नोकरी मिळाली. भरपूर पगार, सुंदर देश. ते सगळं सोडून १९७६ साली ते बायको आणि दोन मुलींना घेऊन भारतात परत आले आणि पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाण गावी कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. लोकांनी वेड्यात काढलं असणार!

शेती करून त्यांनी काय बघितलं? शेतकरी राबतो, पीकही येतं, आणि तरी हातात काही उरत नाही. कधीकधी तर शेतकरी माल बाजारात पाठवतो आणि भाडं, हमाली, तोलाई, अडत वजा जाता त्यालाच पैसे भरावे लागतात. याला 'उलटी पट्टी' म्हणतात. म्हणजे तुम्ही दुकानदाराला आंबे विकायला गेलात आणि आंबे देऊन वर त्याला पैसेही द्यावे लागले! १९७८ साली चाकणला कांद्याच्या भावासाठी आंदोलन झालं. १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली. १९८० साली नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याचं मोठं आंदोलन झालं. उसाला टनाला ३०० रुपये भाव द्या, ही त्यातली एक मागणी होती. शेतकरी बायकापोरांसकट रस्त्यावर बसले. त्यांची घोषणा होती, 'भीक नको, हवे घामाचे दाम'. आम्हाला फुकट काही देऊ नका, आमच्या कष्टाचा भाव द्या, एवढंच.

१९८४ साली संघटनेचं अधिवेशन परभणीला भरलं. नाना तेव्हा पंचविशीतले. गंगाखेडहून रेल्वेनं गेले, बरोबर गावातले पाचसहा जण. तिथून तो बिल्ला लावून आले. नाना फार शिकलेले नाहीत, पण कापसाचा एकरी खर्च किती येतो हे तिथं त्यांनी पहिल्यांदा कागदावर मांडायला शिकून घेतलं. बियाणं, खत, औषध, बैल, मजुरी. आजही त्यांच्या वहीत दर वर्षाचा हिशेब आहे.

हिशेबातली एक ओळ

आता गंमत बघा. शेतीचा खर्च मांडताना घरच्या माणसांच्या कष्टाची किंमत धरायची की नाही? धरायलाच हवी. आज केंद्र सरकारचा कृषी मूल्य आयोग पिकांच्या हमीभावाची शिफारस करतो, तेव्हा तोही घरच्या माणसांची मजुरी खर्चात मोजतो. म्हणजे तुमच्या आईची खुरपणी, वेचणी हिशेबात येते. मग संघटनेतल्या बायका विचारू लागल्या, आमचा घाम भाव मागताना मोजता, पण घरात तो कुठं मोजता?

नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन झालं. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लाखाच्या घरात बायका आल्या. भाकरी बांधून, कडेवर लेकरं घेऊन. त्यातल्या कित्येकींनी माहेर आणि सासर सोडून तिसरं गाव पहिल्यांदाच बघितलं असेल. मालमत्तेत बाईचा हक्क, गावच्या कारभारात बाईचा वाटा, हे विषय तिथं निघाले.

त्यातूनच पुढं १९८९-९० च्या सुमारास एक कार्यक्रम निघाला. त्याचं नाव लक्ष्मीमुक्ती. शरद जोशी गावोगाव शेतकऱ्यांना विचारायचे : सरकारकडं तुम्ही घामाचे दाम मागता, कर्जातून मुक्ती मागता. पण तुमच्या घरच्या लक्ष्मीचं जे कर्ज तुमच्यावर आहे ते कधी फेडणार? तेव्हा आपल्या जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावावर करा. उपकार म्हणून नव्हे, देणं म्हणून. ज्या गावात शंभर घरं असं करतील ते 'लक्ष्मीमुक्ती गाव'. त्या गावाचा सन्मान करायला ते स्वतः जात.

आणि गावं पुढं आली! जळगाव जिल्ह्यातलं विटनेर हे त्यातलं एक. १९८९ मध्ये या गावानं सगळीच्या सगळी ग्रामपंचायत बायकांची निवडून दिली होती. मग तिथल्या शंभराहून जास्त कुटुंबांनी जमिनीचा वाटा घरच्या बाईच्या नावावर केला. विचार करा, अर्धा-एक एकरासाठी भाऊ भावाचं तोंड बघत नाही अशा आपल्या मुलखात लोकांनी हे आपण होऊन केलं. कायद्याची सक्ती नव्हती, बक्षीस नव्हतं. नुसतं पटलं म्हणून.

या कार्यक्रमात सीतामाईची गोष्ट नेहमी सांगितली जाई. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरी नावाचं गाव आहे. तिथं सीतेचं मंदिर आहे, आणि त्यात राम नाही, एकटी सीताच आहे. गावातले लोक सांगतात, रामानं वनात सोडल्यावर सीता या भागात राहिली. लव-कुश लहान होते. ती घरोघर पसाभर गहू मागायला गेली, पण गावानं दिला नाही. तेव्हा तिनं शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. पुढं कितीतरी वर्षं तिथं गहू पिकत नव्हता म्हणे, नव्या जातीचं बियाणं आल्यावर पिकायला लागला. ही लोककथा आहे, इतिहास नाही. पण तिच्यातला प्रश्न खरा आहे. राजाची राणी असूनही सीतेच्या नावावर हक्काचं घर नव्हतं, पसाभर धान्य पिकवायला वावर नव्हतं. पुढं या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी शरद जोशींनी पुढाकार घेतला. ते १२ डिसेंबर २०१५ रोजी वारले. त्यांची सगळीच मतं सगळ्यांना पटत नसत, आजही पटत नाहीत. पण आपल्याच माणसांना त्यांच्या घरातला हिशेब विचारायचं धाडस त्यांनी केलं, हे मात्र खरं.

नावानं काय होतं?

तुम्ही म्हणाल, बाई, नाव लागलं काय आणि नाही लागलं काय, शेत तर घरचंच आहे ना?

घरात सगळं नीट चाललेलं असतं तोवर फरक दिसत नाही. पण सोसायटीचं पीककर्ज काढायचं तर सातबारा ज्याचा त्याला मिळतं. पिकाचं नुकसान झालं तर भरपाई त्याच्याच नावानं येते. पीएम किसानचे पैसे जमिनीच्या नोंदीत ज्याचं नाव त्याच्या खात्यात जातात. बाईचं नाव नसेल तर सरकारी कागदांच्या लेखी ती शेतकरीच नसते, मग तिचं अख्खं आयुष्य खुरपणीत गेलेलं असो. आणि घरधनी अचानक गेला, तर दुःखात बुडालेल्या बाईला आधी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. आमच्या मराठवाड्यात अशा बाया गावोगाव आहेत. वारस म्हणून तिचा हक्क कायद्यात आहेच, पण ती नोंद होईपर्यंत पेरणी थांबत नाही.

देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत शंभर वहितीदार शेतकऱ्यांमागं बायका सुमारे चौदा निघाल्या. आणि आमच्या फळ्यावर तर आईची बाजू भरून वाहत होती!

कायदे हळूहळू बदलले. १५ सप्टेंबर १९९२ रोजी महाराष्ट्र सरकारनं परिपत्रक काढलं. त्याप्रमाणं नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला तर त्याच्या जमिनीत बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. या योजनेलाही लोक लक्ष्मीमुक्तीच म्हणतात. १९९४ साली महाराष्ट्रानं हिंदू वारसा कायद्यात बदल करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांसारखा हक्क दिला, आणि २००५ साली तो साऱ्या देशाला लागू झाला. मुलींनो, हे तुमच्यासाठी आहे, लक्षात ठेवा. मोठेपणी कुणी हक्कसोडपत्र पुढं करून "इथं सही कर" म्हणालं, तर सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण आधी कागद पूर्ण वाचा! ज्यांच्याकडं जमीन नाही त्यांनीही बघावं : घरकुल बाईच्या किंवा दोघांच्या नावानं मिळतं, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घराला नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. त्या कोऱ्या वहीवाल्या मुलाला मी हे सांगितलं, तेव्हा त्यानं लगेच लिहून घेतलं.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. जगभर शेतातलं पुष्कळसं काम बायका करतात आणि जमिनीचे कागद पुरुषांच्या नावानं असतात. म्हणूनच संयुक्त राष्ट्रसंघानं २०२६ हे वर्ष 'आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष' म्हणून जाहीर केलं.

शनिवारी घरी गेले

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी तडक माहेरी गेले. माय अंगणात तूर पाखडत होती. नाना बाजेवर. मी चहा होईपर्यंतसुद्धा दम धरला नाही. "नाना, आपला सातबारा दाखवा."

"कामून गं? काय झालं?"

मी वर्गातली सगळी हकिगत सांगितली. नानांनी पेटीतून कागद काढला. माझ्या हातात दिला नाही, स्वतःच बघत बसले. मग म्हणाले, "नाही तिचं नाव."

मी म्हटलं, "तुम्ही तर बिल्ला लावत होता."

हे मी बोलायला नको होतं कदाचित. नाना बराच वेळ गप्प राहिले. मग सांगायला लागले. लक्ष्मीमुक्तीची सभा त्यांनी ऐकली होती. "हात वर केला होता मी. शपथ घेतली होती. पण तवा जमीन तुह्या आजोबाच्या नावावर. म्हटलं, माझ्या नावावर आल्यावर करू. मग आली माझ्या नावावर. मग तुमची शिक्षणं, लग्नं… राहूनच गेलं."

माय सूप खाली न ठेवताच म्हणाली, "माझं नाव कशाला लावायचं आता या वयात? मी कुठं चालले का?"

"तसं नाही माय," मी म्हटलं, "एवढी वर्षं तू राबलीस…"

"राबले तर माझ्याच घरी राबले ना बया. नावानं काय कापूस जास्त पिकतो?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. वर्गात एवढं बोलणारी मी, मायपुढं गप्प! मग नानांनीच त्यांची हिशेबाची वही काढली. एक पान उलटून माझ्यापुढं धरलं. कापसाचा खर्च. बियाणं, खत, औषध, मजुरी. शेवटी एक ओळ : 'घरची मजुरी'. त्यापुढं आकडा. ते म्हणाले, "दर वर्षी हे लिहितो. भाव मागताना मोठ्यानं सांगतो. पण तिला हे पैसे एका वर्षी तरी दिले का? ती मजुरी म्हणजे तुही मायच."

मायनं तेव्हा सूप खाली ठेवलं. काही बोलली नाही. चहा टाकायला आत गेली.

सोमवारी नाना तलाठ्याकडं गेले. अर्ज दिला, सोबत सातबारा, आठ-अ, दोघांचे आधार कार्ड. अशी नोंद करायची म्हणजे फेरफार होतो. त्याची नोटीस निघते, कुणाची हरकत आहे का ते विचारतात, आणि पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी ती नोंद मंजूर करतात. मग सातबाऱ्यावर नाव चढतं. हा लेख लिहीत असताना नोटीस निघालेली आहे आणि आम्ही वाट बघतो आहोत. माझ्या भावाला मी आधीच फोन केला होता. तो थोडा थांबून म्हणाला, "ताई, हे मलाच सुचायला पाहिजे होतं." त्याची हरकत नाही.

मायचं म्हणाल तर ती अजूनही म्हणते, "उगंच खटाटोप." पण परवा मी गेले तेव्हा शेजारच्या काकू आल्या होत्या. माय त्यांना सांगत होती, "आमच्या ह्यांनी माझं नाव लावायला टाकलंय." आणि मग माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "नाव पुरं लिहितात का गं? माझ्या बापाचं बी येतं का त्यात?"

बघा, नावानं काय होतं ते!

आता तुमची पाळी

सुरुवातीला काढलेलं ते चित्र अजून जवळ आहे ना? ते खोडू नका. त्या मिशीवाल्या शेतकऱ्याच्या शेजारी अजून एक शेतकरी काढा. हातात खुरपं किंवा वेचलेल्या कापसाची ओटी. खाली तिचं पूर्ण नाव लिहा.

मग एका सुट्टीच्या दिवशी आईच्या कामांची यादी करा, वेळेसकट. ती यादी घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. भांडायचं नाही, ऐकवायचं. त्यानंतर वडिलांना विचारा, "बाबा, सातबाऱ्यावर आईचं नाव आहे का?" जमीन नसेल तर घराच्या कागदाबद्दल विचारा. शहरात राहत असाल तरी हा प्रश्न विचारता येतो.

वडील रागावले तर वाद घालू नका. माझे नानाही गप्प झाले होते. काही प्रश्नांची उत्तरं यायला वेळ लागतो. नानांना हात वर केल्यापासून पस्तीस वर्षं लागली! तुम्ही फक्त विचारा.

आणि काय उत्तर मिळालं ते एका पोस्टकार्डावर या साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. आमचा सोनपेठचा वर्ग तुमच्या पत्रांची वाट बघतो आहे. त्या मागच्या बाकावरच्या पोरानं तर सगळी पत्रं मोठ्यानं वाचून दाखवायची जबाबदारी आत्ताच घेऊन ठेवली आहे.